मुळाला धक्का

"पुढचे दात आत घ्यायचे तर दोन बाजूंना दोन बारीक स्क्रू घालावे लागतील," असं सांगितलं की तारा लावून घेणाऱ्या मुलीपेक्षा तिच्या आईचा चेहरा आधी उतरतो. स्क्रू कुठे, तर हाडात. हाडात कुठे, तर दोन दातांच्या मुळांच्या मधोमध. मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो, "आणि मुळाला लागला तर?"

हा प्रश्न भाबडा नाही. वाकडेतिकडे दात सरळ करणाऱ्या शास्त्रात, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, गेली वीस-पंचवीस वर्षं याच प्रश्नावर काम चालू आहे. कुत्र्यांवर प्रयोग झाले, माणसांच्या काढून टाकायच्या दातांवर झाले, हजारो स्क्रूंचे हिशेब मांडले गेले. त्यातून हाती आलेलं उत्तर धीर देणारं आहे, पण बिनशर्त नाही. मूळ खरचटलं तर बहुतेक वेळा ते भरून येतं. अट एवढीच की स्क्रू तिथून वेळेवर निघाला पाहिजे आणि तो दाताच्या गाभ्यापर्यंत गेलेला नसला पाहिजे. मला या लेखात त्या अटीबद्दलच जास्त बोलायचं आहे, कारण दाताचं पुढे काय होणार हे तिच्यावर ठरतं.

आधी हा स्क्रू हवाच कशाला ते पाहू. पुढे आलेले दात आत घेण्यासाठी पुष्कळदा चार उपदाढा काढाव्या लागतात. प्रत्येक जागी सातेक मिलिमीटरची फट होते आणि दाढांचा आधार घेऊन पुढचे सहा दात त्या फटीत मागे ओढले जातात. पण रस्सीखेचीत दोन्ही बाजू सरकतात. दाढा पुढच्या दातांना ओढतात तेव्हा पुढचे दातही दाढांना ओढत असतात, आणि दाढा पुढे सरकल्या की मोठ्या मुश्किलीने मिळालेली जागा त्याच खाऊन टाकतात. दोन वर्षं तारा वागवून ओठ जवळपास होते तिथेच. दाढांनी जागा सोडू नये म्हणून जो टेकू द्यायचा त्याला या शास्त्रात 'अँकरेज' म्हणतात. पूर्वी हा टेकू डोक्याला किंवा मानेला पट्टा बांधून मिळवत. तो हेडगिअर रोज बारा-चौदा तास घालायचा असे. शाळकरी मूल रडतकढत घालायचं. नोकरीला जाणारी पंचविशीतली मुलगी तो घालत नाही आणि तिने का घालावा?

हाडाचाच टेकू घ्यावा ही कल्पना जुनी आहे. 1945 मध्ये गेन्सफोर्थ आणि हिगली यांनी कुत्र्यांच्या खालच्या जबड्यात व्हिटॅलियम या मिश्रधातूचे स्क्रू घालून पाहिले. महिन्याभरात सगळे सैल होऊन पडले. त्यानंतर ही कल्पना बराच काळ बाजूला पडली. 1983 मध्ये अमेरिकेत क्रीकमोर आणि एकलंड यांनी पंचवीस वर्षांच्या एका स्त्रीच्या वरच्या जबड्यात, नाकाच्या तळाच्या हाडाशी, एक स्क्रू बसवला आणि त्याला ताणून तिचे पुढचे दात सुमारे 6 मिलिमीटर वर नेले. स्क्रू जागचा हलला नाही. मग 1997 मध्ये जपानमधल्या हिमेजीच्या कानोमी यांनी अवघ्या 1.2 मिलिमीटर जाडीचा आणि 6 मिलिमीटर लांबीचा स्क्रू वापरून दाखवला. दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या पार्क, क्युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या काही वर्षांत त्याला नेहमीच्या उपचाराचं रूप दिलं. आज आपल्याकडच्या शहरांतच काय, तालुक्याच्या गावीही तो वापरला जातो.

या इतिहासातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. कानोमींच्या आधीची रोपणं जाड होती. ती मुळांच्या मध्ये मावतच नव्हती, म्हणून ती अक्कलदाढेच्या मागे नाहीतर टाळूत, मुळांपासून लांब बसवावी लागत. स्क्रू बारीक झाला आणि मुळांमधल्या गल्लीत शिरला. तिथे तो सोयीचा होता, कारण ओढायची जागा हाताशीच. मुळाला इजा होण्याचा प्रश्नही तेव्हापासूनच पुढे आला.

ही गल्ली किती रुंद असते? मोजून पाहू. स्क्रूची जाडी साधारण दीड मिलिमीटर धरली आणि दोन्ही बाजूंना निदान एकेक मिलिमीटर हाड राखायचं म्हटलं, तर दोन मुळांमध्ये साडेतीन मिलिमीटर अंतर हवं. वरच्या जबड्यात स्क्रूची सगळ्यांत आवडती जागा म्हणजे दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मधली, गालाच्या बाजूची. तिथे कित्येकांच्या तोंडात तीन मिलिमीटरच्या आसपासच अंतर असतं. म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीच्या जागेत, हिरडीच्या आड, न दिसणाऱ्या दोन मुळांना चुकवून एक स्क्रू न्यायचा. इटलीतल्या पोजिओ आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये पंचवीस वरच्या आणि पंचवीस खालच्या जबड्यांच्या त्रिमित प्रतिमा मोजून 'सुरक्षित जागां'चा नकाशा काढला. वरच्या जबड्यात दुसऱ्या उपदाढेच्या आणि पहिल्या दाढेच्या मध्ये टाळूच्या बाजूला सगळ्यांत ऐसपैस जागा मिळते, अक्कलदाढेमागच्या उंचवट्यात सगळ्यांत कमी, आणि मुळांमध्ये घालायचा स्क्रू 1.2 ते 1.5 मिलिमीटरपेक्षा जाड नसावा, असं त्यांनी सांगितलं. हा नकाशा आजही शिकवला जातो. पण तो सरासरीचा नकाशा आहे, समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाचा नव्हे.

आणखी एक पेच आहे. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं होत जातं, म्हणजे हिरडीच्या कडेपासून जितकं वर जावं तितकी दोन मुळांमधली जागा वाढते. मग वरच का घालू नये? कारण वर गेलं की घट्ट गुलाबी हिरडी संपते आणि गालाबरोबर हलणारी सैल त्वचा लागते. तिथे स्क्रूभोवती सूज येते, अन्न अडकतं, कधी स्क्रूचं डोकंच मांसात बुडतं. शिवाय वरच्या दाढांच्या डोक्यावर गालाच्या हाडातली पोकळी, सायनस, असते. खाली घातला तर मुळं जवळ, वर घातला तर सूज आणि सायनस. यावर कोरियन डॉक्टरांनी काढलेली तोड म्हणजे स्क्रू घट्ट हिरडीतून घालायचा, पण तिरका, वरच्या जबड्यात दाताच्या उभ्या रेषेशी 30 ते 40 अंशांचा कोन करून. आत शिरता शिरता त्याचं टोक रुंद भागाकडे जातं. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात गाल ओढून धरलेला, लाळ साचलेली, हातातला पेचकस एका बाजूने दाढेला अडणारा, आणि डाव्या हाताच्या बाजूचा कोन उजव्यापेक्षा नेहमीच थोडा वेगळा पडणारा. दोन-चार अंशांची चूक आठ मिलिमीटर आत अर्धा मिलिमीटर होते, आणि आपल्याजवळ शिल्लक तेवढीच असते.

आता समजा स्क्रू मुळाला लागला. लागला म्हणजे काय, हे आधी वेगवेगळं करायला हवं, कारण सगळी भीती आणि सगळा दिलासा या भेदातच आहे. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मुळाभोवती पाव मिलिमीटरहूनही कमी जाडीचं तंतूंचं अस्तर असतं आणि दात त्यात झोळीसारखा टांगलेला असतो. त्याच्या आत मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर, त्याच्या आत डेंटिन हा दाताचा मुख्य भाग, आणि सगळ्यांत आत नस, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला गाभा. स्क्रू नुसत्या अस्तराला घासला तर चार-आठ दिवस चावताना दुखतं आणि राहतं. सिमेंटम खरवडला किंवा डेंटिनमध्ये खाच पडली तरी शरीर ती बुजवतं. मात्र स्क्रू गाभ्यात गेला तर हिशेब पूर्ण बदलतो.

हे अंदाजाने सांगितलेलं नाही. बेल्जियममधल्या आशेरिक्स आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये बीगल कुत्र्यांच्या मुळांना स्क्रूने झालेली इजा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काही आठवड्यांनंतर जखमेवर नवा सिमेंटम धरू लागलेला त्यांना दिसला. माणसांवरचा पुरावा त्याहून बोलका आहे. कादिओलू आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये असे रुग्ण निवडले ज्यांच्या उपदाढा उपचारासाठी नाहीतरी काढायच्या होत्या. त्यांनी स्प्रिंग लावून त्या उपदाढांची मुळं मुद्दाम स्क्रूवर नेऊन टेकवली आणि नंतर स्पर्श सोडवला. पुढे ते दात काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जिथे स्क्रू टेकला होता तिथे खड्डे पडले होते, पण स्पर्श सुटल्यावर काही आठवड्यांतच ते मोठ्या प्रमाणात भरूनही आले होते. हा प्रयोग वाचला तेव्हा मला हायसं वाटलं होतं हे मोकळेपणाने सांगतो. पण त्यातला 'स्पर्श सुटल्यावर' हा शब्दप्रयोग नजरेआड करून चालत नाही. स्पर्श टिकून राहिला तर शरीराला खड्डा बुजवायला उसंतच मिळत नाही.

दुसरी बाजू ब्रिसेन्यो आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या प्रयोगात दिसते. त्यांनी कुत्र्यांच्या मुळांना हेतुपुरस्सर खोल इजा केली. सुमारे दोन तृतीयांश दात व्यवस्थित भरून आले. बाकीच्यांत कुठे तंतूंचं अस्तर परत तयारच झालं नाही, कुठे दाढेच्या दोन मुळांमधलं हाड झिजलं, कुठे सूज ठाण मांडून बसली. स्क्रू गाभ्यापर्यंत पोचला होता तिथे भरून येण्याची प्रक्रियाच थांबली होती. एक तृतीयांश हा आकडा किरकोळ नाही. शिवाय ही प्रयोगशाळेतली तरुण, निरोगी, निगा राखलेली जनावरं. हिरड्यांचा आजार असलेल्या, तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्या माणसाच्या तोंडात इतकी चांगली दुरुस्ती होईल असं धरून चालणं मला बरोबर वाटत नाही.

गाभ्याला इजा झाली तर पुढे काय होतं तेही सांगायला हवं. नस मरते, आणि ते लगेच कळतंच असं नाही. महिन्यांनी हिरडीवर पुटकुळी येते, पू झिरपतो, दात काळवंडतो किंवा एक्स-रेमध्ये मुळाशेजारी काळा डाग दिसतो. मग रूट कॅनॉल करावं लागतं. 2011 आणि 2012 मध्ये दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत अशा काही रुग्णांच्या नोंदी आल्या. एकात मुळाजवळच्या गाठीवर रूट कॅनॉल करावं लागलं, तर दुसऱ्यात हिरडी उघडून, मुळाला पडलेलं भोक एमटीए या सिमेंटसारख्या द्रव्याने बुजवावं लागलं. दात वाचले. पण चांगला धडधाकट दात, ज्याचा वाकडेपणाशी फारसा संबंधही नव्हता, तो जन्मभरासाठी दुरुस्त केलेला दात झाला. मुळाला उभी चीर गेली तर वाचवायलाही काही उरत नाही आणि दात काढावाच लागतो. अशी प्रकरणं विरळा आहेत. ती विरळाच राहावीत यासाठी तर हा सगळा खटाटोप.

आतापर्यंत आपण स्क्रू घालतानाच्या इजेबद्दल बोललो. नंतरची इजा जास्त फसवी असते, कारण ती कोणाच्या डोळ्यांदेखत होत नाही. 2004 पर्यंत सगळे धरून चालले होते की हाडात बसलेला स्क्रू जागचा हलत नाही. तैवानच्या लिऊ आणि सहकाऱ्यांनी सोळा प्रौढ रुग्णांमध्ये गालाच्या हाडाच्या पायथ्याशी बसवलेले स्क्रू ओढ देण्यापूर्वी आणि नऊ महिन्यांनी तपासले. सोळांपैकी सात जणांमध्ये स्क्रू पडला नव्हता, सैलही झाला नव्हता, पण ओढीच्या दिशेने एक ते दीड मिलिमीटरपर्यंत सरकला होता. खरं तर यात नवल नाही. हे स्क्रू मुद्दाम गुळगुळीत ठेवलेले असतात. ते हाडाशी एकजीव न होता आट्यांच्या पकडीवर उभे राहतात, म्हणून तर उपचार संपल्यावर ते मिनिटभरात उलटे फिरवून काढता येतात. लिऊंनी सुचवलं की महत्त्वाच्या अवयवापासून स्क्रू निदान 2 मिलिमीटर लांब ठेवावा. आता हा दोन मिलिमीटरचा नियम आणि वर मांडलेलं तीन मिलिमीटरच्या गल्लीचं गणित शेजारी ठेवून पाहा. मुळांच्या मध्ये तो नियम पाळताच येत नाही. ही विसंगती अजून मिटलेली नाही. बहुतेक डॉक्टर एक मिलिमीटरवर तडजोड करतात.

आणि स्क्रू जागेवर राहिला तरी दात कुठे जागेवर राहतात? ते हलावेत म्हणून तर सगळा उपचार. उपदाढेचं मूळ मागे सरकत सरकत स्क्रूवर येऊन टेकू शकतं. म्हणून स्क्रू घालताना काढलेला एक्स-रे सहा महिन्यांनी शिळा झालेला असतो. दात सरकायचा अचानक थांबला, किंवा एखादा दात चावताना दुखू लागला, तर पहिला संशय स्क्रूवर घ्यावा. दुर्दैवाने पुष्कळदा तार आणखी घट्ट केली जाते.

इथे एका अशा गोष्टीकडे वळतो जिच्याकडे दवाखान्यात क्वचितच या नजरेने पाहिलं जातं. ती म्हणजे स्क्रू सैल होऊन पडणं. पन्नासहून अधिक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडणाऱ्या 2012 च्या एका पाहणीत हे प्रमाण 13.5 टक्के निघालं, म्हणजे सातातला एक. रुग्णाला आणि डॉक्टरलाही तो फक्त मनस्ताप वाटतो. पण जपानच्या कुरोदा आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 110 रुग्णांचे 216 स्क्रू एक्स-रेवर तपासले तेव्हा सैल होण्यामागे मुळाची जवळीक हे मोठं कारण दिसलं, विशेषतः खालच्या जबड्यात. हे समजायला अवघड नाही. आपण घास चावतो तेव्हा दात त्याच्या झोळीत किंचित हलतो. स्क्रू मुळाला टेकलेला असेल तर प्रत्येक घासाला त्याला एक धक्का बसतो आणि आट्यांभोवतीचं हाड हळूहळू सुटतं. म्हणजे पडलेला स्क्रू पुष्कळदा एक निरोप देऊन जातो. त्याच भोकात आणखी जाड स्क्रू घालायची जी सवय आहे ती मला म्हणूनच धोक्याची वाटते. मूळ जवळ असेल तर जाड स्क्रू ते आणखी जवळ आणतो. आधी छोटा एक्स-रे काढावा, मग जागा ठरवावी.

तुलनेसाठी एक गोष्ट सांगतो. तारांच्या उपचारात मुळांची टोकं थोडीफार झिजणं ही स्क्रूच्या इजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा घडणारी गोष्ट आहे, मग स्क्रू वापरला असो वा नसो. स्क्रूमुळे दात पूर्वीपेक्षा लांब नेता येतात, हाडात वर दाबता येतात, आणि जितका लांबचा प्रवास तितकी झिजेची शक्यता जास्त. तेव्हा स्क्रूचा धोका फक्त तो टोचतो त्या जागी पाहू नये. एखाद्या मुलीचे पुढचे दात त्याच्या जोरावर हाडाच्या मर्यादेपर्यंत मागे नेले जात असतील तर त्या दातांच्या मुळांचा एक्स-रेही मध्येच काढायला हवा.

मग मूळ चुकवायचं कसं? सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत स्वस्त साधन रुग्णाच्या तोंडातच असतं, ते म्हणजे दुखणं. हाडाला वेदना फारशी कळत नाही. हिरडी बधिर केली की स्क्रू हाडात शिरताना दाब जाणवतो, दुखत नाही. पण मुळाभोवतीचं तंतूंचं अस्तर अतिशय संवेदनशील असतं. स्क्रू त्याच्याजवळ गेला की तीक्ष्ण कळ येते. म्हणून जाणकार डॉक्टर हिरडीपुरतीच, अगदी थोडी भूल देतात, किंवा नुसती जेल लावून भागवतात. दाढ काढताना देतात तशी पूर्ण भूल दिली तर दात, अस्तर, हाड सगळंच बधिर होतं आणि धोक्याची घंटाच बंद पडते. क्रॅविट्झ आणि कुस्नोटो यांनी 2007 मध्ये या स्क्रूंच्या धोक्यांचा जो आढावा घेतला, त्यातही त्यांनी या मुद्द्यावर भर दिला होता. तरीही 'पेशंटला काहीच कळायला नको' म्हणून भरपूर भूल देणारे आहेत, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. रुग्णही तेच मागतो. मला वाटतं, दोघांनी आधी पाच मिनिटं बोलून घेतलं तर ही गाठ सुटते. थोडी भूल का देत आहोत हे कळलेला माणूस खुर्चीत जास्त शांत बसतो. अर्थात कळ हे काही अचूक यंत्र नव्हे. काहींना मुळाला लागूनही कळत नाही, काही नुसत्या दाबाने दचकतात.

म्हणून दुसरं साधन म्हणजे हात. हल्लीचे बहुतेक स्क्रू स्वतःच वाट काढत हाडात शिरतात आणि ते हातानेच फिरवले जातात. हाडाचं कठीण कवच ओलांडलं की वाट जरा मऊ होते. मध्येच एकाएकी विरोध वाढला, स्क्रू फिरतोय पण पुढे जात नाही असं झालं, की समोर मूळ आहे असं समजावं. जपानच्या मोतोयोशी यांनी 2006 मध्ये स्क्रू बसवताना 5 ते 10 न्यूटन-सेंटिमीटर एवढाच पीळ लागावा असं सुचवलं होतं, आणि तो मोजणारे पेचकस मिळतात. आधी मोटारच्या ड्रिलने भोक पाडून मग स्क्रू घालण्याच्या पद्धतीत हा स्पर्श हरवतो. फिरत्या ड्रिलला हाड आणि मूळ यांतला फरक कळत नाही. खालच्या जबड्याचं जाड कवच फोडायला कधी ड्रिल लागतं हे मान्य, पण ते कवचापुरतंच ठेवावं.

तिसरं साधन एक्स-रे. इथे आपल्याकडे एक गैरसमज फार पसरलेला आहे की ओपीजी काढला म्हणजे झालं. ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचं एका पट्टीत काढलेलं चित्र. त्यात प्रतिमा मोठी होते, उपदाढांच्या भागात शेजारची मुळं एकमेकांवर चढलेली दिसतात, आणि खोलीचा तर पत्ताच लागत नाही. उपचाराची एकूण आखणी करायला तो उत्तम. दोन मुळांमधला मिलिमीटर मोजायला त्या जागेचा छोटा एक्स-रे नीट कोनातून काढायला हवा, आणि शंका असेल तर कोन बदलून दुसरा. 'कोन-बीम सीटी'ने तिन्ही दिशांचं चित्र मिळतं, पण त्याचा किरणोत्सर्ग आणि खर्च दोन्ही जास्त. प्रत्येक स्क्रूसाठी चौदा वर्षांच्या मुलीचा सीटी काढणं मला पटत नाही. मुळं फार जवळ असतील, आधीचा स्क्रू पडला असेल, किंवा इजेची शंका असेल तर मात्र तो जरूर काढावा. आणखी एक साधी युक्ती आहे, जिला पैसे पडत नाहीत. वाकड्या, दाटीवाटीच्या दातांत स्क्रू घालायची घाई करू नये. आधी दात सरळ रांगेत आणावेत, गरज पडल्यास तारेने दोन मुळं किंचित फाकवावीत, मग स्क्रू घालावा. यात दोन-तीन महिने जातात. लग्नाची तारीख डोक्यावर असलेल्या घरात ते पटवून देणं कठीण जातं, पण पटवून द्यायलाच हवं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या सगळ्या कसरतीला बगल देणारा एक मार्ग रूढ झाला आहे: मुळांच्या गल्लीत जायचंच नाही. जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फच्या विल्मेस यांनी टाळूच्या पुढच्या भागात, मधल्या शिवणीच्या आजूबाजूला स्क्रू बसवण्याची पद्धत नावारूपाला आणली. तिथे हाड चांगलं असतं, हिरडी घट्ट असते आणि जागा नीट निवडली तर मुळं वाटेत येत नाहीत. दुसरी वाट तैवानमधून आली आणि आपल्याकडे तिचा फारच बोलबाला झाला. वरच्या दाढांच्या बाहेर, गालाच्या हाडाच्या कण्यात, आणि खालच्या दाढांच्या बाहेरच्या हाडाच्या फळीवर 2 मिलिमीटर जाड आणि 12 मिलिमीटर लांब असे पोलादी स्क्रू बसवायचे. स्क्रू मुळांच्या बाहेरून जात असल्यामुळे दातांची अख्खी रांग अडथळ्याशिवाय मागे नेता येते. ख्रिस चँग आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये खालच्या फळीवरच्या 1680 स्क्रूंचा हिशेब दिला. त्यांतले फक्त 7.2 टक्के निकामी ठरले.

हा मार्ग चांगला आहे असं माझं मत आहे. पण 'मुळाबाहेरचा स्क्रू' या नावाने जी निश्चिंती येते ती खरी नाही. वरच्या पहिल्या दाढेचं गालाकडचं मूळ त्या कण्याच्या अगदी लगत असतं. स्क्रू पुरेसा वर आणि पुरेसा उभा नेला नाही तर तो थेट त्या मुळात जातो, आणि मग तो दीड नव्हे तर दोन मिलिमीटर जाडीचा, पोलादी स्क्रू असतो. लिऊंनी या जागेसाठी 55 ते 70 अंशांचा कोन सांगितला आहे, तो याच कारणासाठी. सायनसचा पातळ पडदाही तिथेच. खालच्या बाजूला आतमध्ये जबड्याचा मोठा मज्जातंतू आहे. एक-दोन दिवसांच्या कार्यशाळेत हे शिकून दुसऱ्या दिवशी रुग्णावर हात चालवणं योग्य नाही. ऑर्थोडॉन्टिक्सची एमडीएस पदवी तीन वर्षांची आहे, त्यातला बराच वेळ केव्हा हात आखडता घ्यायचा हे शिकण्यात जातो.

आणि इजा झालीच तर? इथेच मी सुरुवातीला सांगितलेल्या अटीकडे परत येतो. स्क्रू मुळाला लागला हे लक्षात आल्यावर डॉक्टरच्या हाती अगदी थोडे क्षण असतात. तेव्हा थांबायचं, स्क्रू उलटा फिरवून बाहेर घ्यायचा, एक्स-रे काढायचा, जागा किंवा कोन बदलायचा. पुढचे काही महिने त्या दाताला थंड लावून नस जिवंत आहे का ते पाहायचं, आणि त्या दातावर ओढ देणं थोडं लांबवायचं. हे केलं तर संशोधन सांगतं त्याप्रमाणे मूळ बहुधा भरून येतं. जे दात गेले, त्यांच्या कहाण्यांत बहुतेकदा जोर लावल्याची किंवा तक्रार टाळल्याची नोंद असते. 'थोडं दुखणारच' हे वाक्य दंतवैद्यकात फार चालतं. स्क्रूच्या बाबतीत ते वाक्य वापरू नये, अशी माझी माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे. आणि स्क्रू लागला होता हे रुग्णाला सांगावं, कागदावर लिहावं. सांगितल्याने विश्वास जातो असं वाटतं, पण वर्षभराने दुसऱ्या दवाखान्यातल्या एक्स-रेमध्ये तो डाग दिसला तर जे जातं ते परत मिळत नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं की रुग्णाची संमती खरी असली पाहिजे. उपचार काय, त्यातले ठळक धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, हे पुरेसं समजावून मग ती घ्यायची. दोन वर्षांच्या तारांच्या उपचाराला सुरुवातीला केलेल्या एका सहीत मध्येच घातलेला स्क्रू आपोआप बसत नाही. त्याची गोष्ट वेगळी सांगावी लागते, मराठीत सांगावी लागते, आणि त्यात मुळाचा उल्लेख असावा लागतो.

तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला असा स्क्रू सुचवला असेल तर घाबरून नाही म्हणू नका. हेडगिअरने जे साधत नव्हतं ते या बारीकशा खिळ्याने साधलं आहे आणि कित्येकांची जबड्याची मोठी शस्त्रक्रिया टळली आहे. फक्त चार गोष्टी विचारा. स्क्रू नेमका कुठे जाणार, त्या जागेचा वेगळा एक्स-रे काढला का, भूल किती देणार, आणि मुळाला लागला तर तुम्ही काय करणार. चौथ्या प्रश्नाला शांतपणे उत्तर देणाऱ्या डॉक्टरकडे निर्धास्त बसा. आणि स्क्रू फिरत असताना दातात कळ गेली तर दात-ओठ खाऊन सहन करू नका, लगेच हात वर करा.